भाड्याचे आकडे दप्तरात, भाडेकरू चाचपडत : नोंदणी महानिरीक्षकांना खुले पत्र

प्रति,
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : पुणे विभागातील शहरांच्या घरभाड्याचा तुलनात्मक तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करण्याबाबत

महोदय,



पुणे महसूल विभागात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात, आणि शिक्षण, नोकरी, बदली, दवाखाना अशा कारणांनी या जिल्ह्यांतील कुटुंबे एका शहरातून दुसऱ्या शहरात सतत बिऱ्हाड हलवीत असतात. तरीही सोलापुरात दोन खोल्यांना जे भाडे पडते त्याच्या किती पट ते पुण्यात पडेल, कोल्हापुरात किती आणि साताऱ्यात किती, हे सांगणारा शासनाचा एकही तक्ता सामान्य माणसाच्या हाती येत नाही. मुलाला पुण्यात शिकायला पाठवणारे पालक, बदलीचा आदेश हातात पडलेला शिक्षक किंवा कारखाना बंद पडल्यावर चाकणची वाट धरणारा यंत्रमाग कामगार यांना ओळखीपाळखीच्या माणसांच्या ऐकीव आकड्यांवर आणि एजंटच्या शब्दावर विसंबून निर्णय घ्यावा लागतो. या तुलनेला लागणारी बहुतेक माहिती आपल्या विभागाच्या दप्तरात मात्र आजच जमा आहे, आणि प्रस्तुत पत्राचा सारा रोख या एका गोष्टीवर आहे.

ही माहिती विभागाकडे कशी जमा होते, हे वाचकांसाठी स्पष्ट करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात आज घरे बहुतांशी 'लिव्ह अँड लायसन्स' कराराने भाड्याने दिली जातात. घराचा कायदेशीर ताबा मालकाकडे ठेवून ठरावीक मुदतीसाठी तेथे राहण्याची केवळ परवानगी देणारा हा करार असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी असला पाहिजे, त्याची नोंदणी झाली पाहिजे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षाही तेथे सांगितली आहे. या करारावरील मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का इतके असून परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर, म्हणजे रूढ भाषेतील डिपॉझिटवर, वर्षाला दहा टक्के दराने येणारी रक्कमही त्या हिशेबात भाड्यातच धरली जाते. उदाहरणादाखल, महिना ८,००० रुपये भाडे, ३०,००० रुपये डिपॉझिट आणि दोन वर्षांची मुदत असेल, तर भाड्याचे १,९२,००० आणि डिपॉझिटपोटी ६,००० असे १,९८,००० रुपये धरले जातात व त्यावर सुमारे ५०० रुपये शुल्क पडते. हा हिशेब करायचा तर घर कोठे आहे, भाडे किती, डिपॉझिट किती आणि मुदत किती हे विभागाला ठाऊक असावेच लागते. करारांची ऑनलाईन नोंदणी सुरू झाल्यापासून हे तपशील संगणकातच भरले जातात, म्हणजे ते वेगळे गोळा करण्याचेही कारण उरलेले नाही.

खरेदी-विक्रीच्या बाबतीत आपला विभाग हेच काम अनेक वर्षे नियमाने करीत आला आहे. वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते, ज्यांना व्यवहारात 'रेडी रेकनर' म्हटले जाते, आपल्या विभागाकडून प्रसिद्ध होतात आणि गावनिहाय, पेठनिहाय, रस्तानिहाय जमिनीचा व सदनिकेचा दर त्यांत पाहता येतो. २०२५-२६ च्या तक्त्यांत सोलापूर महानगरपालिका क्षेत्रातील सरासरी वाढ १०.१७ टक्के होती. राज्यातील सर्व महानगरपालिकांत ती सर्वाधिक होती. त्याच वर्षी पुण्यात ती ४.१६ टक्के आणि मुंबईत ३.३९ टक्के इतकीच ठेवली गेली. सोलापुरातील घरमालकाला आपल्या मालमत्तेचे मोल शासनाच्या लेखी किती वाढले हे त्या दिवशी कळले आणि भाडे वाढवून मागताना त्याला एक सरकारी आकडा मिळाला. त्याच घरात राहणाऱ्या भाडेकरूला मात्र शहरातील भाडी खरोखर किती वाढली, किंबहुना वाढली की नाही, हे तपासण्याचे कोणतेही साधन त्या दिवशी नव्हते आणि आजही नाही. ज्या विभागाने एका पक्षाच्या हाती दर दिला, त्याच विभागाने दुसऱ्या पक्षाला अंदाजावर सोडावे, ही सोलापूरकर भाडेकरूंची पहिली तक्रार आहे.

दुसरी तक्रार अधिक खोलवर जाते. शहराशहरांतील भाड्याची तुलना शासन करतच नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण ती रोज होते. मात्र प्रत्यक्ष भाडे न पाहता होते. घरभाडे भत्त्याचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. सातव्या वेतन आयोगानुसार देशातील शहरे लोकसंख्येवरून एक्स, वाय आणि झेड अशा तीन वर्गांत विभागली गेली असून पन्नास लाखांवरील लोकवस्ती पहिल्या वर्गात, पाच ते पन्नास लाखांपर्यंतची दुसऱ्या वर्गात आणि त्याखालील सर्व गावे-शहरे तिसऱ्या वर्गात येतात. भत्ता मूळ वेतनाच्या अनुक्रमे २४, १६ आणि ८ टक्के ठरला. राज्य शासनानेही २०१९ मध्ये हीच रचना स्वीकारली, आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतर जानेवारी २०२४ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी हे दर ३०, २० व १० टक्के झाले. दर बदलले तरी त्यांचे परस्परप्रमाण तीनास दोनास एक असेच राहिले. मूळ वेतन ३०,००० रुपये असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला पुण्यात ९,०००, सोलापुरात ६,००० आणि साताऱ्यात ३,००० रुपये मिळतात. साताऱ्यातील घर पुण्यातील घराच्या बरोबर एकतृतीयांश भाड्यात मिळते आणि सोलापुरातील घर साताऱ्यातील घराच्या दुप्पट महाग असते, असे त्यामागचे गृहीत आहे. साताऱ्यात राहिलेल्या कोणत्याही सोलापूरकराला हे दुसरे विधान पटणे कठीण आहे. त्यातही नऊ लाख एक्कावन्न हजार लोकसंख्येचे सोलापूर, जेमतेम पाच लाखांची सीमा ओलांडलेले सांगली आणि चोवीस लाखांचे नागपूर ही तिन्ही शहरे २०११ च्या जनगणनेनुसार एकाच वाय वर्गात बसवली गेली आहेत.

याच राज्यात विद्यार्थ्यांसाठीची मोजपट्टी मात्र निराळी आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत निवासापोटी वर्षाला मोठ्या शहरांत २०,०००, मधल्या गटात १५,००० आणि उर्वरित जिल्हा ठिकाणी १२,००० रुपये असा भत्ता ठरवला गेला, आणि येथे नागपूरला पुणे-मुंबईच्या पंक्तीत स्थान मिळाले. म्हणजे कर्मचाऱ्याच्या भत्त्यासाठी नागपूरचे घर सोलापूरच्या घराइतकेच महाग आणि विद्यार्थ्याच्या भत्त्यासाठी ते पुण्याच्या घराइतके महाग ठरते. दोन्ही निर्णय सद्हेतूने घेतले गेले असतील, पण प्रत्यक्ष भाड्याचा आधार नसला की एकाच शहराच्या दोन किमती कशा तयार होतात, हे त्यांतून दिसते. पहिल्या गटातील २०,००० रुपये दहा महिन्यांच्या शैक्षणिक वर्षावर वाटले तर महिन्याला २,००० होतात. सोलापूर जिल्ह्यातून पुण्यात शिकायला गेलेल्या, सदाशिव पेठेत किंवा कात्रजला एका खोलीत चार-पाच जणांनी 'कॉट बेसिस'वर राहणाऱ्या मुलांना या २,००० रुपयांत काय मिळते, हे ठरवण्याचा अधिकृत आधार आज कोणाकडेच नाही. तो असता, तर भत्ता वाढवण्याची मागणी केवळ मोर्चात आणि निवेदनात न राहता आकड्यांनिशी मांडता आली असती.

ग्राहक किंमत निर्देशांकात घरभाडे धरलेले असते, मग वेगळा तक्ता कशाला, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. सोलापूरपुरता हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक काढताना केंद्र सरकारचा श्रम ब्युरो देशातील ज्या ८८ केंद्रांतून माहिती घेतो, त्यांत सोलापूरचा समावेश आहे. गिरणगाव म्हणून या शहराला जो मान मिळाला त्याचाच हा एक अंश आहे. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२५ मध्येच सोलापुरातील गिरणी कामगारांच्या कुटुंबखर्चाची पाहणी केली होती, आणि धनंजयराव गाडगीळांच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलेला सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ज्या शहरातील कामगाराच्या घरखर्चाचा विचार शंभर वर्षांपूर्वी शास्त्रशुद्ध रीतीने झाला, त्या शहरात आज भाड्याचा साधा आकडा मिळू नये, ही खेदाची गोष्ट आहे. श्रम ब्युरो दर सहा महिन्यांनी त्याच त्या घरांचे भाडे पुन्हा विचारतो आणि त्यावरून भाड्याचा निर्देशांक काढतो, हे खरे. परंतु प्रत्येक केंद्राचा २०१६ चा आकडा १०० धरला जात असल्याने त्या निर्देशांकातून सोलापूरची आजची स्थिती सोलापूरच्याच २०१६ च्या स्थितीशी ताडता येते, पुण्याशी नाही. पुण्यापेक्षा सोलापूरचा निर्देशांक वर दिसला, तर सोलापूर पुण्याहून महाग झाले असा त्याचा अर्थ होत नाही. तेथील वाढीचा वेग अधिक आहे, एवढेच कळते. भाड्याची पातळी सांगणे हे त्या निर्देशांकाचे कामच नाही. जनगणनेतील घरयादीही घर मालकीचे की भाड्याचे एवढेच विचारते. भाडे किती, हा प्रश्न त्यात नसतो.

आता तुलना करायची म्हणजे नेमके काय मोजायचे, याकडे वळणे आवश्यक आहे, कारण करारातील भाड्याचा आकडा दोन शहरांत एकच गोष्ट सांगत नाही. सोलापुरात घर पाहायला गेलेले कुटुंब भाडे विचारण्याआधी पाणी किती दिवसांआड येते, हौद किती मोठा आहे आणि बोअर आहे का, हे विचारते. उजनी धरणापासून सुमारे ११० किलोमीटरच्या जलवाहिनीने, तसेच टाकळी व हिप्परगा येथून पाणी आणणाऱ्या या शहरात गेली कित्येक वर्षे नळाला रोज पाणी आलेले नाही आणि बऱ्याच भागांत ते चार-पाच दिवसांआड येत राहिले आहे. म्हणून जमिनीखाली हौद, गच्चीवर सिंटेक्सची टाकी आणि वर पाणी चढवणारी मोटार असलेली दोन खोल्यांची जागा आणि पाण्याच्या दिवशी पिंप, घागरी, बादल्या भरून ठेवाव्या लागणारी तितकीच मोठी जागा यांच्या भाड्यात लक्षणीय फरक पडतो. भाडे कमी असलेल्या घरातील कुटुंबाला तो फरक टँकरच्या पैशांत किंवा पाण्याच्या दिवशी बुडालेल्या रोजगारात भरून द्यावा लागतो. पुण्याच्या उपनगरांतही टँकर येतात, पण तेथे त्यांचा खर्च सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये मिसळलेला असतो. दोन्ही शहरांतील भाडी नुसती शेजारीशेजारी मांडली तर हा फरक दिसणार नाही.

विजेचेही तसेच आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे साखर पेठ, अशोक चौक, नीलम नगर या यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्त्यांत, एका मालकाच्या आवारात तीन-चार बिऱ्हाडे आणि सर्वांना मिळून महावितरणचा एकच मीटर अशी व्यवस्था पुष्कळ ठिकाणी आढळते. घरगुती विजेचा पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आणि त्यापुढील टप्प्यांचा दर बराच चढा असल्याने, प्रत्येकी ९० युनिट वापरणारी तीन बिऱ्हाडे स्वतंत्र मीटरवर असती तर सर्वांत स्वस्त टप्प्यात राहिली असती. एका मीटरवर मात्र त्यांचे २७० युनिट होतात आणि त्यांतील १७० युनिट वरच्या दराने आकारले जातात. मालक सब-मीटर पाहून ठरावीक दराने पैसे घेतो, तेव्हा हा भुर्दंड भाड्याबरोबरच वसूल होतो. याच वस्त्यांत घर हे कामाचे ठिकाणही असते. कारखान्यातून आणलेली पाने आणि तंबाखू सुपात घेऊन बाई ज्या पडवीत दिवसभर विड्या वळते, ती पडवी भाड्याच्या हिशेबात राहण्याच्या जागेत धरली जाते. प्रत्यक्षात मालाच्या उत्पादनाला लागणाऱ्या जागेचे भाडे ती कामगार स्त्री आपल्या मजुरीतून भरत असते. कुंभारीच्या माळावर विडी कामगारांसाठी उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत आणि असंघटित कामगारांसाठीचे तीस हजार घरांचे रे नगर या प्रकल्पांच्या मागे जी दीर्घ चळवळ होती, तिचे एक मूळ या भाड्याच्या खोल्यांत आहे. जुळे सोलापूर, होटगी रोड किंवा विजापूर रोडवरील सदनिकांची भाडी पाहून संपूर्ण सोलापूर स्वस्त की महाग हे ठरवू पाहणाऱ्याच्या नजरेतून हे सारे सुटते.

म्हणून विभागाला विनंती अशी की, पुणे विभागातील पाचही जिल्ह्यांतील महानगरपालिका आणि नगरपालिका क्षेत्रांसाठी, नोंदणीकृत करारांच्या आधारे दर वर्षी निवासी भाड्याचा तक्ता काढला जावा. त्यात सरासरीऐवजी मध्यक द्यावा. सर्व भाडी चढत्या क्रमाने मांडली असता जो आकडा बरोबर मधोमध येतो त्याला मध्यक म्हणतात, आणि कोरेगाव पार्कमधील मूठभर आलिशान सदनिकांमुळे साऱ्या पुण्याचा आकडा जसा सरासरीत फुगतो तसा तो मध्यकात फुगत नाही. भाडे 'टू बीएचके'सारख्या सैल वर्णनाऐवजी चटई क्षेत्राच्या, म्हणजे बाहेरील भिंती वगळून प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेच्या, दर चौरस मीटरला सांगितले जावे. डिपॉझिटचे भाड्यात रूपांतर करण्याचा दहा टक्क्यांचा नियम विभागाकडे आहेच. जास्त डिपॉझिट आणि कमी भाडे घेणारे शहर आणि कमी डिपॉझिट पण जास्त भाडे घेणारे शहर यांना एका मापात आणण्यासाठी तोच वापरता येईल. ज्या प्रभागात करार फार थोडे असतील तेथे कोणाचाही खाजगी व्यवहार उघड होऊ नये म्हणून आकडा शेजारच्या प्रभागात मिसळावा. मालक-भाडेकरूंची नावे कोठेही येण्याची गरज नाही. पाणी किती दिवसांआड येते आणि वीजमीटर स्वतंत्र आहे का, हे दोन रकाने ऑनलाईन अर्जात वाढवले, तर वर सांगितलेला फरकही हळूहळू मोजता येईल.

हे काम अव्यवहार्य नाही. आयर्लंडमध्ये घरमालकाला आपला भाडेकरार रेसिडेन्शियल टेनन्सीज बोर्ड या वैधानिक मंडळाकडे नोंदवावा लागतो आणि ते मंडळ त्याच नोंदींवरून दर तिमाहीला भाड्यांचा निर्देशांक प्रसिद्ध करते. जर्मनीत पन्नास हजारांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना स्थानिक भाड्यांचा तक्ता ठेवणे २०२२ पासून कायद्याने बंधनकारक झाले आहे. महाराष्ट्र शासनाने मे २०२५ मध्ये मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणात राज्य गृहनिर्माण माहिती पोर्टलची कल्पना मांडली आहे आणि भाड्याच्या घरांचाही विचार केला आहे. त्या पोर्टलला भाड्याची खरी माहिती आपल्या विभागाशिवाय कोण पुरवणार?

या तक्त्यात एक मोठी उणीव राहील आणि ती आताच सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे ठरेल. सोलापुरातील कमी भाड्याच्या जागांचे करार बहुधा नोंदणीपर्यंत पोहोचतच नाहीत. पाचशेच्या मुद्रांकावर अकरा महिन्यांचा मजकूर टंकून नोटरीचा शिक्का घेतला जातो आणि दोन्ही पक्ष त्यालाच नोंदणी समजतात. पुष्कळ ठिकाणी तेवढेही होत नाही. त्यामागे मालमत्ता कर वाढेल ही मालकाची धास्ती आहे, तसेच नोंदणी फीची रचनाही आहे. शहरी भागात ही फी सरसकट १,००० रुपये असून ती महिना ४०,००० रुपये भाड्याच्या पुण्यातील सदनिकेला आणि ४,००० रुपयांच्या सोलापुरातील खोलीला सारखीच लागू होते. पहिल्या करारात ती महिन्याच्या भाड्याचा चाळिसावा हिस्सा आहे, दुसऱ्यात चौथा. शहराशहरांतील भाड्यात फरक आहे हे शासनच मान्य करीत असताना, नोंदणी फी तेवढी सर्वत्र एकच ठेवण्यामागे न्याय दिसत नाही. एका मर्यादेखालील भाड्याच्या निवासी करारांना ही फी माफ करावी किंवा भाड्याच्या प्रमाणात ठेवावी, अशी दुसरी विनंती आहे. शासनाचे त्यात होणारे नुकसान अल्प असेल, कारण हे करार आज नोंदवलेच जात नाहीत. भाडेकरूचा फायदा मात्र मोठा होईल, कारण कलम ५५ प्रमाणे लेखी नोंदणीकृत करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरण्याची तरतूद असली, तरी डिपॉझिट परत मागताना हाती कागद नसलेला भाडेकरू न्यायालयाची पायरी क्वचितच चढतो.

मालमत्ता कराच्या धास्तीला आधार आहे, हे मान्य करावे लागेल. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात करयोग्य मूल्य हे, इमारत वाजवी रीतीने भाड्याने दिली असता वर्षाला जे भाडे येईल त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून ठरवले जाते, आणि ते 'वाजवी भाडे' ठरवताना महापालिकेच्या अधिकाऱ्याला बरेचदा अंदाजच करावा लागतो. प्रभागनिहाय मध्यक प्रसिद्ध झाला तर तो अंदाज तपासता येईल, आणि जास्त कर आकारला गेलेल्या घरमालकालाही अपिलात एक आधार मिळेल. तक्ता भाडेकरूच्या बाजूचा आणि मालकाच्या विरोधातला आहे, असे मानण्याचे कारण नाही.

सबब, पुढील १ एप्रिलला बाजारमूल्य दर तक्त्यांबरोबर पुणे, पिंपरी-चिंचवड, सोलापूर, कोल्हापूर, सांगली-मिरज-कुपवाड या महानगरपालिका आणि सातारा, पंढरपूर, बार्शी या नगरपालिका एवढ्यांपुरता का होईना, पहिला भाडेतक्ता विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करावा, आणि ते शक्य नसल्यास कोणत्या नियमामुळे शक्य नाही हे जाहीर करावे, ही आग्रहाची विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
सोलापुरातील एक भाडेकरू नागरिक